घरात एकाला टीबी, मग धडधाकट माणसांनी गोळ्या का गिळायच्या?

केळीवाला (रावेर)
चुलतभावाच्या थुंकीत टीबी निघाला. औषध सुरू आहे, सावरतोय. आता आशाताई म्हणतात, घरातल्या सगळ्यांचे एक्स-रे काढा आणि आजार नसला तरी प्रतिबंधाच्या गोळ्या घ्या. माझा विरोध आहे, आणि तो वाचून केलेला आहे. जंतू फुफ्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्याला गिळतात. नाही मेला तर टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, त्याच्याभोवती गाठ बांधतात आणि तो कोंडवाड्यात पडून राहतो. संसर्ग झालेल्यांपैकी फक्त ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. म्हणजे नव्वद जणांचं शरीर आपलं आपण निभावून नेतं. त्यांच्या लिव्हरला ताप कशाला? आमच्याकडे कळण्याची भाकरी, घरचं दूध, अंगमेहनत. म्हातारबा या वयात केळीचे घड वाहतात. मुद्द्यावर बोला.

सिस्टर_धडगाव
दादा, कोंडवाडा मान्य. पण आतलं जनावर जिवंत असतं. एरवी मॅक्रोफेजने गिळलेला जंतू पेशीतल्या आम्लाच्या पिशवीत जाऊन विरघळतो. क्षयाचा जंतू स्वतःला त्या पिशवीपर्यंत पोहोचूच देत नाही. ज्याने गिळलं त्याच्याच पोटात वाढतो, सावकाश, साधारण २० तासांत एकाचे दोन. टी पेशींना खबर लागून त्या फुफ्फुसात येईपर्यंत काही आठवडे गेलेले असतात. त्यांनी इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारं प्रथिन सोडल्यावर कुठे मॅक्रोफेजच्या अंगात जोर येतो.

गाठ टिकते ती टीएनएफ नावाच्या प्रथिनावर. संधिवाताची काही इंजेक्शनं हेच प्रथिन अडवतात, म्हणून ती देण्याआधी टीबीची तपासणी करतात. नाहीतर वर्षानुवर्षं दबलेला जंतू उठतो. एचआयव्हीत टी पेशी कमी होतात, तिथेही तेच.

आणि तुमचे ५ ते १० टक्के हा सरसकट, आयुष्यभराचा आकडा. ताज्या संसर्गात पहिली दोन वर्षं सगळ्यात धोक्याची. घरात पाच वर्षांखालचं लेकरू आहे का? म्हातारबांना शुगर आहे का? ते तुम्ही लिहिलंच नाही.

भरीतपार्टी
लेकरांना जन्मल्यावर बीसीजी टोचतात ना? मग झालं की.

सिस्टर_धडगाव
बीसीजीने लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं संरक्षण मिळतं. मोठ्यांच्या फुफ्फुसाचं तसं नाही. तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ पासून मोठी चाचणी झाली, त्यात मोठ्यांना फुफ्फुसाच्या टीबीपासून संरक्षण दिसलं नाही.

धुळे_जुनं
गोळ्या नको, लस नको, गुळवेलीचा काढा घ्या. इम्युनिटी वाढली की जंतू पळतो.

पॅथॉलॉजीवाला
हे 'इम्युनिटी वाढवा' प्रकरण डोक्यात जातं. किती वाढवणार? टीबीत फुफ्फुसाला पोकळी पडते ती बरीचशी आपल्याच पेशींच्या मारामारीत. ती श्वासनलिकेत उघडली की खोकल्यावाटे जंतू दुसऱ्याच्या घरात. मेंदूच्या टीबीत औषधांबरोबर स्टेरॉइड देतात, ते ही प्रतिक्रिया आवरायला. १८९० साली टीबीचा जंतू शोधणाऱ्या खुद्द रॉबर्ट कॉखने ट्युबरक्युलिन, म्हणजे त्याच जंतूचा अर्क, औषध म्हणून आणलं, तेव्हा रोग्यांच्या अंगात असा भडका उडाला की काही दगावले. आज तेच त्वचेत टोचून मँटू चाचणी करतात. हातावर फुगवटा आला म्हणजे शरीराने जंतू ओळखला, एवढंच. जिंकलं की हरलं, ते त्यावरून कळत नाही.

मास्तर_तळोदा
तुम्ही सगळे पोट भरलेल्यांचं बोलताय. आमच्या पाड्यांवरची माणसं दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जातात. पाचट अंथरून झोपणाऱ्या बाईच्या टी पेशींना बळ कुठून येणार? झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला: ज्यांना हे मिळालं त्यांच्यात नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी. आधी डाळ द्या, गोळीचं नंतर बघू.

सिस्टर_धडगाव
गुरुजी, डाळीला माझी ना नाही. पण ३९ टक्के कमी म्हणजे उरलेले आजारी पडलेच की. 'नंतर बघू' म्हणेपर्यंत तुमची टोळी बारडोलीला पोहोचलेली असते. प्रतिबंधाच्या गोळ्यांचे आता काही ठिकाणी आठवड्यातून एकदा, असे बाराच डोस असतात.

लिव्हरबद्दल: प्रतिबंधाच्या गोळ्यांतल्या आयसोनायझिड या औषधाने काहींना त्रास होतो, खरं आहे. वय जास्त, दारूची सवय, आधीची कावीळ असेल तर जास्त. म्हणून आधी विचारपूस, आणि डोळे पिवळे दिसले की गोळी बंद करून दवाखाना. आणि एक्स-रे आधी, कारण आजार असलेल्याला प्रतिबंधाचं अर्धवट औषध दिलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

केळीवाला (रावेर)
म्हातारबांना शुगर आहे. पुतण्या चार वर्षांचा. त्या दोघांचं आशाताईंशी बोलतो. मला ना शुगर ना व्यसन, मी गोळी घेणार नाही. नव्वदातला आहे मी.

पॅथॉलॉजीवाला
नव्वदातले की दहातले, हे आधी सांगणारी तपासणी आमच्याकडे तरी नाही.

भरीतपार्टी
गोळीनं ऱ्हाऊ दे. एक्स-रे तरी काढशी का नही, भो?