अंतर तेच, मग जाताना आठ तास आणि येताना सात कसे?

प्रश्न:
आई पुढच्या महिन्यात लंडनहून न्यूयॉर्कला ताईकडे चाललीये, एकटीच, आणि तिकीट बघून माझा पार गोंधळ उडालाय. अंतर साधारण ५,५५० किमी, विमानाचा स्पीड ९०० धरला तर सव्वासहा तास व्हायला हवेत ना? तिकिटावर जाताना सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोचणार असं आहे म्हणजे ३ तास, आणि येताना संध्याकाळी साडेसहाला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा, म्हणजे १२ तास?? पृथ्वी फिरते म्हणून होतं का हे? तिला दर आठ तासांनी गोळी असते त्यामुळे खरे तास किती ते कळायलाच हवंय.

प्रतिसाद १:
तिकिटावर निघायची वेळ निघतो तिथली आणि पोचायची वेळ पोचतो तिथली असते. न्यूयॉर्क लंडनच्या ५ तास मागे. म्हणजे जाताना ३ + ५ = ८ तास, येताना १२ − ५ = ७. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर संपताना एक आठवडा हा फरक ४ तासांचा होतो, कारण दोन्ही देश घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत. तारीख तेव्हाची असेल तर परत मोजा.

प्रतिसाद २:
पृथ्वी फिरते म्हणून विमानाला थेट काही फायदा मिळत नाही, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात तर फारच जोरात, आणि तो तसा पूर्वेला वळतो त्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे. ९०० हा स्पीड हवेतला, जमिनीवरचा नाही. समोरून १०० चा वारा असेल तर जमिनीवर ८०० च उरतात आणि तेच अंतर जवळजवळ सात तासांचं होतं, मागून १५० चा मिळाला तर सव्वापाच. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यामुळे एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरचा स्पीड १,३०० च्या वर, तरी हवेच्या हिशोबात ते आवाजापेक्षा हळूच चाललं होतं. मला हे फार भारी वाटतं.

प्रतिसाद ३:
वरच्या हिशोबात अजून दोन गोष्टी धरा. तिकिटावरचे तास गेटपासून गेटपर्यंतचे असतात, त्यात रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं-उतरणं सगळं आलं. आणि ५,५५० हे गोल पृथ्वीवरचं सगळ्यात कमी अंतर, विमान नेमकं त्याच रेषेवरून जाईलच असं नाही. अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याचा अंदाज बघून रोज नव्याने आखतात, जाताना वारा टाळायचा आणि येताना तोच पकडायचा. त्यामुळे नकाशावर विमान वर कॅनडाकडे वळलेलं दिसलं तर घाबरू नका.

प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे! मग गोळीचं काय करू, न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे द्यायची का?

प्रतिसाद १:
विमानात तरी नको. घड्याळ लंडनच्याच वेळेवर राहू दे. सकाळी १० ला गोळी घेतली तर पुढची लंडनच्या संध्याकाळी ६ ला, म्हणजे उतरायच्या तासभर आधी. येताना रात्री २ ची गोळी विमानातच येईल, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे ९ असतील. तिथे राहताना वेळा कशा ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्या हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

प्रश्नकर्ता:
हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या पर्समध्ये ठेवते.