करंट लागून भाजलं तेव्हा तुमच्याकडे काय केलं? (अनुभव धागा)

तापीकाठ: आज शेजारच्या मळ्यात मोटर टाकताना पोराला स्टार्टरचा झटका बसला. हात झटकून हसला, गेला कामाला. मला मात्र काका आठवले. चोपड्याकडची आमची केळी, रात्रीची लाइन, ओला बांध. बोटावर डाळीएवढा पांढरा डाग, तसाच एक तळपायाला. बाहेरून एवढंच. पहाटे लघवी काळपट तांबडी झाली तेव्हा जळगावला पळवलं. वीज हातातून शिरून पायातून निघाली होती. मधले स्नायू आतून भाजलेले, त्यातून सुटलेलं द्रव्य किडनीवर आलेलं. काका वाचले, बोट गेलं. तुमचेही अनुभव लिहा.

वायरमनची_बायको: आधी मेन पाडा, मग माणूस! तोवर त्याला हात नाही लावायचा. घरातलं २३० व्होल्टचं असेल नि मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करा. ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार पडली असेल तर काठीबिठी काही नाही, लांब थांबून सबस्टेशनला फोन. जमिनीतूनही करंट येतो. कुकर झाला, येते.

धुळ्याना_पोऱ्या: आमना गावमा बी असंच व्हयनं. एकले मातीमा गाडीसन ठेवं, म्हने माटी करंट व्हढी लेस!

शिरपूरकर: @धुळ्याना_पोऱ्या अरे भो, वायर सुटली की अंगात करंट उरतच नाही, माती काय ओढणार? जखमेत गेली तर धनुर्वाताची भीती वेगळी. श्वास बंद असेल तर १०८ लावा आणि छाती दाबायला घ्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची ५ सेंमी तरी खोल.

अमळनेरची_सून: आमच्याकडे टूथपेस्ट, हळद, शाई सगळं लावून झालं. दवाखान्यात ते खरवडून काढताना जास्त ओरडले. नळाचं साधं पाणी २० मिनिटं, तेही मेन बंद झाल्यावरच. बर्फ नको. अंगठ्या-कडं लगेच उतरवा, नंतर सूज येते. सासऱ्यांचं चांदीचं कडं कापावं लागलं, त्याचं दुःख अजून चालू आहे 😄

तापीकाठ: 😂 कड्याचं वजन किती होतं?

अमळनेरची_सून: ते विचारू नका, ते इथे येऊन सांगतील.

दोन_पोरांची_आई: लहान मुलं असतील तर हे वाचाच. धाकट्याने प्लगला लावलेली वायर चावली. ओठाचा कोपरा पांढरा पडला, रडला, झोपला. डॉक्टरांनी बजावलं होतं की आठवड्या-दीड आठवड्यात खपली सुटताना ओठातून रक्ताची धार लागू शकते. नेमकी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना लागली. शिकवल्याप्रमाणे ओठ आतून-बाहेरून चिमटीत दाबून धरला आणि तसाच गाडीत बसवला. माहीत नसतं तर काय झालं असतं, विचार नको.

केळीवाला: बापरे. बाकी यावल फीडरला या आठवड्यात रात्रीची लाइन का दिवसाची?

शिरपूरकर: धागा कुठला, प्रश्न कुठला!

वायरमनची_बायको: आले परत. बेशुद्ध पडला, धडधडतंय, छातीत दुखतंय तर बरा दिसला तरी ईसीजी काढा. भाजलेल्यावर स्वच्छ कोरडं कापड, फोड फोडू नका. @केळीवाला, लाइनचं आमच्या यांना विचारून सांगते.

केळीवाला: घरासाठी तो ट्रिप होणारा स्विच घ्यायचाय, केवढा?

वायरमनची_बायको: ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. अर्थिंग तपासून घ्या. मधूनमधून टेस्टचं बटन दाबत जा.

केळीवाला: दाबलं की टीव्ही बंद, आई माझ्यावर सुरू.

अमळनेरची_सून: जाहिराती लागल्या की दाबा ना भाऊ!