लिब फोल्डरात लायब्ररी कॉपी करणं बंद करा: स्क्रिप्टसाठीही अन् टेस्टसाठीही

गायत्रीनगर_डेव्ह
आमचं काम साधं आहे. नागपूरच्या कळमना मार्केटचे संत्र्याचे भाव गोळा करून रोज पहाटे एक्सेल पाठवायची. पायथनच्या या प्रोजेक्टमध्ये स्क्रिप्ट्स (रोज चालणारे प्रोग्राम) आणि टेस्ट्स (ते नीट चालतात का हे तपासणारा कोड) असे दोन फोल्डर, शेजारी 'लिब'. त्यात पिपच्या (लायब्ररी बसवणाऱ्या साधनाच्या) --टार्गेटने पांडाज १.५ (तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी) टाकलेलं. पायथन लायब्ररी ज्या फोल्डरांत क्रमाने शोधतं, ती यादी म्हणजे सिस.पाथ; आधी सापडेल ती घेतं. कुणी स्क्रिप्टमध्ये सिस.पाथ.अपेंड लिहिलं, कुणी टेस्टमध्ये सिस.पाथ.इन्सर्ट(०). दिसायला सारखंच. पण इन्सर्ट(०) आपला फोल्डर यादीत सगळ्यात पुढे लावतं, अपेंड सगळ्यात मागे. सर्व्हरच्या साइट-पॅकेजेसमध्ये (पिप एरवी लायब्ररी बसवतो त्या फोल्डरात) पांडाज २ आधीपासून होतं. म्हणजे एकाच मशीनवर टेस्टला १.५ मिळालं आणि स्क्रिप्टला २.

डेटाफ्रेमला (पांडाजमधल्या तक्त्याला) ओळी जोडायची जुनी मेथड एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० मधून काढून टाकली आहे, आणि आमची स्क्रिप्ट तीच वापरत होती. टेस्ट सगळ्या हिरव्या आणि पहाटे ५ ला स्क्रिप्ट आडवी. आंबिया बहाराची आवक सुरू होती, लोक भावाची वाट पाहत होते.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. सिस.पाथला हात लावायचा नाही. एका प्रोजेक्टला एकच व्हेन्व (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन एन्व्हायर्नमेंट), लायब्ररी आणि त्यांच्या आवृत्त्या पायप्रोजेक्ट.टॉमल या फाइलमध्ये, मग 'पिप इन्स्टॉल -ई .' करून प्रोजेक्ट त्या व्हेन्वमध्ये बसवायचा. टेस्टही त्याच व्हेन्वमधून, 'पायथन -एम पायटेस्ट' (पायटेस्ट म्हणजे टेस्ट चालवणारं साधन).

वाडीचा_भाऊ
भाऊ, तुमचा घोळ दोन आवृत्त्यांनी केला, लिबनं नाही. दोघांनीही इन्सर्ट लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? माझे ग्राहक वाडीच्या गोदामांत आहेत. तिथं नेट नाही, मशीनवर विंडोज ७. पेनड्राइव्हवर फोल्डर नेतो, चिकटवतो, काम सुरू. तुमचं व्हेन्व तर उचलून दुसऱ्या मशीनवर नेताही येत नाही, आत पूर्ण पाथ लिहिलेले असतात. अन् पिप स्वतः काय करून राहिला? आपल्या _व्हेंडर फोल्डरात रिक्वेस्ट्स या दुसऱ्या लायब्ररीची प्रत घेऊनच फिरतो नं.

गायत्रीनगर_डेव्ह
पिपची गोष्ट वेगळी आहे. लायब्ररी बसवणारा तोच, मग त्याच्या लायब्ररी कोण बसवणार? आणि तिथंही व्हेंडर.टीएक्सटीमध्ये प्रत्येकीची नेमकी आवृत्ती लिहिलेली आहे. तुमच्या लिबमध्ये कोणती आवृत्ती आहे, ते तुम्ही रजेवर असताना दुसऱ्याला कसं कळेल?

व्हेन्व उचलून नेता येत नाही हे खरं. पण ते न्यायचंच नसतं, तिथं नव्याने बनवायचं असतं. नेट असलेल्या मशीनवर 'पिप डाउनलोड' करून व्हील फाइली (लायब्ररीची बसवायला तयार पाकिटं) पेनड्राइव्हवर घ्या. गोदामात 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स' आणि पुढे त्या फोल्डरचा पाथ. नेट लागत नाही.

लक्ष्मीनगरची
तीन स्क्रिप्टसाठी एवढा संसार कशाला मांडायचा? पेप ७२३ (पेप म्हणजे पायथनचे क्रमांकित प्रस्ताव) प्रमाणे स्क्रिप्टच्या माथ्यावरच कमेंटमध्ये लायब्ररींची यादी लिहिता येते. यूव्ही या पिपसारख्या साधनाचं 'यूव्ही रन' ती वाचून त्या स्क्रिप्टपुरतं एन्व्हायर्नमेंट बनवतो. मी अहवालांच्या सगळ्या स्क्रिप्ट अशाच ठेवते. एकीची लायब्ररी बदलली तरी दुसरीला धक्का लागत नाही.

गायत्रीनगर_डेव्ह
ताई, एकट्या स्क्रिप्टला हे उत्तम, मीही वापरतो. पण तिच्यातलं फंक्शन टेस्टमध्ये इम्पोर्ट केलं की माथ्यावरची यादी कुणी वाचत नाही. पायटेस्ट ज्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चाललं, तिथली आवृत्ती लागते. म्हणजे आमचाच आजार परत.

लक्ष्मीनगरची
हे मान्य. टेस्ट लिहायच्या असतील तर यादी एकाच जागी हवी. फक्त पायटेस्टसारखी हत्यारं ग्राहकाच्या मशीनवर चढवू नका. पेप ७३५ चे डिपेंडन्सी ग्रुप (अशा लायब्ररींची वेगळी यादी) त्यासाठीच आहेत, आणि पिप २५.१ पासून --ग्रुप चालतं.

वाडीचा_भाऊ
व्हीलचं करून पाहिलं, जमलं नाही. माझ्या लॅपटॉपवर पायथन ३.१२, तिकडे ३.८. विंडोज ७ वर ३.९ चढतच नाही. इथं उतरवलेलं पांडाज तिथं बसत नाही म्हणते. लिबवाली प्रत मी तिथंच, त्याच मशीनसाठी बनवली होती, म्हणून चालते. चालू गोष्ट मी काहून मोडू?

गायत्रीनगर_डेव्ह
पिप डाउनलोडला '--पायथन-व्हर्जन ३.८ --प्लॅटफॉर्म विन_एएमडी६४ --ओन्ली-बायनरी=:ऑल:' द्या, मग तो तुमच्या लॅपटॉपचा विचार न करता गोदामातल्या मशीनच्या फाइली उतरवेल. मशीन ३२ बिट असेल तर प्लॅटफॉर्म 'विन३२'. आधी तेवढं तपासून या. चालू लिब आजच मोडू नका, शेजारी व्हेन्व बनवून टेस्ट त्यातून चालवा आणि काय लाल होतं ते इथं टाका.

वाडीचा_भाऊ
शनिवारी जातो गोदामात. लिब मात्र तोवर तिथंच राहील.