ट्रॅव्हल्सचा धंदा बसलाय, जालन्यातून आता काय बदल करावा?

प्रश्न (जालन्याचा गाडीवाला):
नमस्कार मंडळी. माझ्याकडं एक टेम्पो ट्रॅव्हलर आन एक अर्टिगा आहे. तुळजापूर, शेगाव, शिर्डी अशा देवदर्शनाच्या ट्रिपा आधी खेड्यापाड्यातून भरपूर मिळायच्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना हाफ तिकीट झालं, पंच्याहत्तरीच्या पुढं तर फुकटच, मग अख्खी गाडी करून जाणं लोकांनी कमी केलं. त्यात सोयाबीनला हमीभाव मिळंना, २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं उभी पिकं नेली, आता लोक फोन करतात, भाव विचारतात आन 'घरी विचारून सांगतो' म्हणून ठेवून देतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या माझ्यापेक्षा कमी भावात भाडं मारायलेत, त्यांना ना परमिट ना टॅक्स. हप्ता तर चालूच आहे. रेट पाडू का एक गाडी विकू? ड्रायव्हर पोरगं चांगलं आहे, त्याला काढायचं जीवावर येतं.

लातूरकर ताई:
दादा, एसटीनं तुमचं गिऱ्हाईक नेलं असं मला नाही वाटत. आमच्या बचत गटातल्या कितीतरी बाया हाफ तिकिटामुळंच पहिल्यांदा घराबाहेर पडल्या, आन एकदा तुळजापूर पाहिलं की पुढं अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर हे सगळं एका दमात करायचं मन होतं. ते एसटीनं जमत नाही, दर ठिकाणी गाडी बदला, सोबत गुडघे दुखणारी सासू, रात्री उतरायचं कुठं. तिथं तुमची गाडी लागते. पण सतरा सीटांचं भाडं एकदम कोण देणार? दर महिन्याला थोडे थोडे जमा करू द्या, भिशीसारखे, आन ट्रिप सोयाबीन विकून झाल्यावर दिवाळीनंतर काढा, तेव्हा घरात पैसा असतो. अजून एक, बाया भाव नंतर विचारतात, आधी विचारतात वाटेत स्वच्छ संडास कुठं आहे आन मुक्काम भक्तनिवासात का लॉजवर. हे आधीच कागदावर लिहून द्या, पांढऱ्या पाटीवाला ते देत नाही.

वेरूळ रोड:
भौ, खेड्यातलं गिऱ्हाईक आटलं तर मुंबईचं धरा की. वंदे भारत आधी जालन्यापर्यंतच होती, २०२५ च्या ऑगस्टपासून नांदेडपर्यंत जाते. दुपारी मुंबईहून निघालेला माणूस संध्याकाळी संभाजीनगरला उतरतो, दुसऱ्या दिवशी वेरूळ, घृष्णेश्वर, तिसऱ्या दिवशी अजिंठा. फक्त वार बघून प्लॅन द्या, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळच्या लेण्या मंगळवारी, हे न सांगता पाहुणा नेला तर तो परत कधी फोन करत नाही. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटलाच थांबते, पुढं तिथल्या बसनं जावं लागतं, तेही आधी सांगा. आन बारा ज्योतिर्लिंगांपैकी घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ तिन्ही आपल्या मराठवाड्यात, मग नांदेडचा गुरुद्वारा. या फेरीसाठी जालना एकदम मधोमध पडतं, एवढं सोन्यासारखं ठिकाण असून लोक शिर्डीच्याच मागं का लागतात मला कळत नाही.

परभणीचा हिशेबनीस:
रेट पाडू नका, आधी किलोमीटरचा खरा खर्च काढा. डिझेल आन टोल सगळे धरतात, टायर, इन्शुरन्स, पासिंग, ड्रायव्हरचा भत्ता आन रिकामी परत येणारी गाडी कुणी धरत नाही, तिथंच पैसा जातो. माझ्याकडच्या गाडीवाल्यांत जो बुडाला तो बहुतेक रिकाम्या परतीनं बुडाला. अर्टिगा ठेवायची का विकायची हे त्या आकड्यावर ठरवा, ट्रॅव्हलर मात्र ठेवा, ताईंनी सांगितलं ते काम तीच करते. २०२५ ला ट्रॅव्हलरसारख्या दहा किंवा जास्त सीटांच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला म्हणून नवी घ्यायचा मोह होईल, हप्ता थकायच्या बेतात असताना नको. आन हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. चुकल्यावर गेलात तर ऐकायची तयारी कमी असते.

जालन्याचा गाडीवाला:
ताई, महिन्याला जमा करायचं पटलं, आमच्या इकडं तीन गट ओळखीचे आहेत, त्यांना उद्याच भेटतो. पण सीटवार पैसे घेतले आन सीटा भरल्याच नाहीत तर वाटेतून भरू का?

परभणीचा हिशेबनीस:
ते करू नका. आपला परवाना एका ग्रुपचं भाडं न्यायचा आहे, वाटेत सीटा भरायचा नाही. पैसे सीटवार गोळा होऊ द्या, बुकिंग मात्र गटाच्या नावानं, प्रवाशांची यादी गाडीत. गाणगापूर कर्नाटकात आहे, तुमच्या परमिटवर तिकडचा टॅक्स वेगळा लागत असेल तर तो भाव सांगतानाच धरा. आन गटाला आधीच सांगून ठेवा, इतक्या सीटा भरल्या तरच गाडी निघेल, नाहीतर तारीख पुढं.