लिस्बनमध्ये चार दिवस: शाकाहारी सासूबाई, मासेखाऊ नवरा, रोजचे ६० युरो. कुठे जेवायचं?

सासवडकरीण
दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिस्बनला जातोय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई. चौघांचं दोन वेळचं जेवण दिवसाला ६० युरोत बसवायचंय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नवऱ्याचा जीव माशांत. मुक्काम बायशा भागात, चहा-नाश्ता खोलीवरच करू. स्वतः जेवलेल्या जागा सांगा प्लीज.

फिरस्ता७७
रामीरो, माशा-खेकड्यांचं हॉटेल! दुसरा विचारच करू नका. १९५६ पासून चालू आहे. लसणातली कोळंबी, खेकडा, आणि सगळ्यात शेवटी गोडाऐवजी बीफचा पाव, ‘प्रेगू’. तिथली रीतच आहे ती. आम्हा दोघांचं बिल १३० युरो झालं, पण पै न् पै वसूल. संध्याकाळी लवकर जा, नंतर रांग हटत नाही.

आईची_लेक
फिरस्ता, चौघांचे ६० म्हणतायत त्या. आणि सासूबाईंनी तिथे काय, लिंबू चोखायचं?
ताई, एक नीट लक्षात ठेवा. ‘मांस नको’ एवढंच सांगितलंत तर मासा येतो. मी अगदी हात जोडून सांगितलं होतं, तरी सॅलडवर ट्यूना आला. परत पाठवल्यावर ट्यूना काढून तीच प्लेट पुन्हा आणली. त्या रात्री मी नुसते चिप्स खाऊन झोपले.

फिरस्ता७७
एक दिवस खोलीवर खायचं आणि वाचलेले पैसे तिथे घालायचे, एवढंच म्हणतोय. लिस्बनला माणूस पुन्हा पुन्हा जात नाही.

पर्वरीकर
मोरारिया भागात गोंयकार जेवण मिळतं. शाकुती, सोरपोतेल, बेबिंका सगळं. माझी मावशी तिकडेच असते, तिच्याबरोबर दोनदा जेवलो. शाकुती घरच्यासारखी, फक्त नारळ जरा कमी. शेजारीच मार्तिम मोनीझ चौक, तिथे भारतीय, बांगलादेशी, नेपाळी खाणावळी आहेत. सासूबाईंना डाळभात हमखास मिळेल. शिवाय विंदालूचं मूळ पोर्तुगीजांच्या ‘व्हिन्या द आल्योश’मध्ये, म्हणजे वाइन आणि लसूण. आपण त्याला मिरची आणि मसाला दिला.

मालवणी_मासा
विंदालूतला ‘आलू’ म्हणजे लसूण, हे आधी लोकांना सांगा. इथे लग्नात बटाटे घालून वाढतात!

पर्वरीकर
आणि बटाटा हा शब्दही त्यांचाच. पावही.

मालवणी_मासा
मूळ मुद्द्यावर येतो. ‘बाकाल्याऊ’चा फार बोलबाला आहे. तो कॉड मासा पोर्तुगालचा नाहीच, नॉर्वेकडून येतो. खारवून वाळवलेला, दोन दिवस पाण्यात भिजवून करतात. आमच्या सुक्या बांगड्याची सर त्याला नाही. नवऱ्याला भाजलेला ताजा मासा खायला सांगा, दुपारी. सार्डिनचा खरा मोसम जून ते सप्टेंबर असतो, नोव्हेंबरात त्याच्या मागे लागू नका.

तेजूतीर
सहा वर्षं इथे राहते, म्हणून जरा सविस्तर.
दुपारचं जेवण मोठं ठेवा. ‘ताश्का’ म्हणजे साधी खाणावळ. दारावर कागदात हाताने ‘प्रातु दु दीया’ लिहिलेलं असतं, तो त्या दिवसाचा पदार्थ. दहा-बारा युरोत पोट भरतं. बऱ्याच ठिकाणी ‘मेया दोज’ म्हणजे अर्धी प्लेट मागता येते, ती एका माणसाला पुरते. लेकीला वेगळं मागवू नका. साडेबारा ते तीन या वेळात जा, मग सातपर्यंत चूल बंद. रविवारी पुष्कळशा ताश्का बंदच.
बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. हात लावलात तर बिलात. नको असेल तर लगेच परत द्या, न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत.
सासूबाईंसाठी ‘सें कार्न, सें पैश, सें ओव्हु’ असं तिन्ही सांगा: मांस, मासा, अंडं नको. ‘काल्दु व्हेर्द’ हिरवं दिसतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. साधं भाज्यांचं सूप मागा, आणि कशात शिजवलंय ते विचारा. चीज खात असतील तर सेरा द एश्त्रेला किंवा आझैताऊं घ्या. मेंढीच्या दुधाचं, आणि ते काट्याच्या फुलाच्या अर्काने विरजतात, वासराच्या पोटातल्या ‘रेनेट’ने नाही. वरची चकती कापून मऊ गर चमच्याने काढायचा. लूमियारकडे राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांचं. मी गेले तेव्हा दुपारी शाकाहारी जेवण होतं, जाण्याआधी चौकशी करा.
आणि तुम्ही येताय तेव्हा चेस्टनटचा मोसम. ११ नोव्हेंबरला साऊं मार्तिन्युचा सण, त्या दिवशी ते खायचेच. रस्त्यावर गाड्या असतात, धूर लांबून दिसतो. मिठात भाजल्यामुळे सालीवर राखेसारखा पांढरा थर येतो. चिरेत नख घालून सोलायचे, बोटं काळी होतात.

काकूंचा_भाचा
+१ पाव-ऑलिव्हबद्दल. आमचे एका ठिकाणी फक्त त्याचे २२ युरो झाले. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

फिरस्ता७७
बेलें भागातले ‘पश्तैश’, म्हणजे कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट, कोणीच लिहिले नाहीत! १८३७ पासूनचं दुकान. बाहेरची रांग पार्सलची असते, आत बसायला मोठी जागा आहे, सरळ आत जा. वर दालचिनी भुरभुरवून खा.

आईची_लेक
त्यात अंड्याचा बलकच असतो हो!! सासूबाई!!

काकूंचा_भाचा
चेस्टनट म्हणजे शिंगाडाच ना? मग उपासालाही चालेल.

तेजूतीर
नाही. शिंगाडा तळ्यातला, हे झाडावरचं फळ. उपासाचं त्यांचं त्यांनी ठरवावं.

सासवडकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना सासूबाईंना धागा वाचून दाखवला. मी मार्तिम मोनीझ आणि मंदिर दोन्ही लिहून घेतलं होतं. त्यांनी वहीतलं दोन्ही खोडलं. म्हणाल्या, “डाळभात सासवडला आहेच की. चार दिवस पाव, चीज, सूप, फळं खाऊन मला काही होत नाही. त्या फुलाने विरजलेल्या चीजचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दे.” ते लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवलंय, खाली ‘सें कार्न, सें पैश, सें ओव्हु’ही. रामीरोला फक्त नवरा जाईल, एकटा, स्वतःच्या पैशाने. चेस्टनट त्या अंदाजे किती लागतील ते विचारतायत.

तेजूतीर
डझनाने विकतात. चौघांना दोन डझन घ्या, आणि गरम असतानाच सोला, गार झाल्यावर आतली साल निघत नाही.