गवत काढतोय, पण त्या जागी नुसती खडी नको! ॲरिझोनातल्या वसाहतीसाठी सल्ला हवा

मेधा_चँडलर

नमस्कार मंडळी. आम्ही चँडलरला राहतो, फिनिक्सच्या आग्नेयेला. वसाहतीच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडांना गवताचे लांबच लांब पट्टे आहेत. उन्हाळ्यात बर्म्युडा गवत असतं, ऑक्टोबरात ते खरवडून त्यावर राय नावाचं थंडीतलं गवत पेरतात, म्हणजे थंडीतही हिरवं दिसावं. या पट्ट्यांवर कुणी बसत नाही, मुलं खेळत नाहीत. त्यावर पाय पडतात ते फक्त गवत कापणाऱ्यांचे. पाणी मात्र वर्षभर चालू. एचओएने (घरमालकांच्या संघटनेने) आता हे पट्टे काढायचं ठरवलंय आणि मी लँडस्केप समितीवर आहे.

कंत्राटदाराने आराखडा दिलाय. सगळीकडे तांबूस खडी, ठरावीक अंतरावर एकेक ॲगेव्ह (घायपातीसारखं झुडूप), प्रवेशद्वाराशी पंख्यासारख्या पानांचे चार उंच ताड, मोठाले दगड आणि त्यांवर खालून दिवे. चित्रात छान दिसतं. मला मात्र ते बघून धडकी भरली, कारण त्यात सावली कुठेच नाही.

२०२३ च्या जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ सेल्सियस किंवा त्याहून वर गेला होता. सासूबाई साताऱ्याहून आल्या की पहाटे पाचला फिरून येतात, कारण सातनंतर त्या रस्त्यावर चालवत नाही. टपालपेट्या आमच्याकडे दारोदार नसतात, एका कोपऱ्यात सगळ्यांच्या एकत्र असतात. शाळेची बसही तिथेच थांबते. दुपारी तीनला मुलं उतरतात तेव्हा त्या कोपऱ्यात उभं राहायला हातभर सावली नाही. सुशोभीकरणावर एवढा पैसा घालायचा आणि तो कोपरा तसाच ठेवायचा, हे मला पटत नाही.

समितीतल्या बाकीच्यांना झाडांची भीती वाटते आणि त्याला कारणही आहे. बिल्डरने शिसम लावून ठेवले होते (इथे त्यांना सिसू म्हणतात, मूळचे आपल्याच उत्तर भारतातले). त्यांच्या मुळांनी फुटपाथ उचलला, पाइपात शिरकाव केला, दहा ठिकाणी फुटवे आले. गेल्या मान्सूनच्या वादळात दोन मेस्क्विट (बाभळीसारखी काटेरी झाडं) मुळासकट आडवे झाले, एक गाडीवर पडला. त्यामुळे "झाडं नकोतच" असा सूर आहे. काही जणांना कृत्रिम गवत हवंय, पण ते उन्हात इतकं तापतं की पाय टेकवत नाही.

सप्टेंबरात मतदान आहे. वाळवंटी शहरांत राहणाऱ्यांनी कृपया सांगा: कोणती झाडं, कुठे लावायची, आणि ती पडणार नाहीत हे लोकांना कसं पटवायचं?

टूसॉनकर

मेधाताई, आधी झाडांच्या नावांत शिरू नका. वसाहतीचा नकाशा घ्या आणि माणसं कुठे कुठे उभी राहतात त्यावर खुणा करा. टपालपेट्या, बसचा थांबा, कुत्री फिरवण्याची वाट, बाक. दुपारचं ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं, म्हणून झाड त्या जागेच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला हवं. कंत्राटदार झाड रस्त्यावरून छान दिसेल तिथे लावतो. मग सावली खडीवर पडते आणि माणूस उन्हात. चौकाशी मात्र गाड्यांना आडवं येणार नाही एवढं अंतर सोडा.

वादळाचं म्हणाल तर दोष सहसा झाडाचा नसतो. रोज थोडं थोडं पाणी मिळालं की मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात. ठिबकचे ड्रिपर लागवडीच्या दिवशी बुंध्याशी बसवतात आणि झाड वीस फुटांचं झालं तरी ते तिथेच असतात. त्यात आतल्या फांद्या साफ करून फक्त टोकांना पानांचे झुपके ठेवायची पद्धत. वाऱ्याचा सगळा जोर शेंड्यावर येतो आणि खाली धरून ठेवायला काही नसतं. तुमच्या पडलेल्या मेस्क्विटचा खड्डा कुणी पाहिला असेल तर विचारा, मुळं एका जागी गोळा झालेली असणार. पाणी दोन-तीन फूट खोल मुरेल असं द्यायचं आणि मग उन्हाळ्यातसुद्धा आठवडा-दोन आठवडे थांबायचं. झाड वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवायचे. आधाराच्या काठ्या झाड स्वतः उभं राहायला लागलं की काढायच्याच.

आता झाडं. टपालपेट्यांपाशी 'डेझर्ट म्युझियम' पालो वेर्दे लावा. आमच्या इथल्या ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियममध्ये तयार झालेला संकर आहे, काटे नाहीत, वाढ झपाट्याची, खोडसुद्धा हिरवं. वसंतात पिवळ्या फुलांनी खालची जमीन दिसत नाही. 'कचरा पडतो' म्हणणारे भेटतील, पण तो पाचोळा झाडाखाली राहू दिला तर मातीला तेच आच्छादन होतं. आयर्नवूड हळू वाढतो पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, त्याचे दोन-चार आत्ताच लावून ठेवा. मेस्क्विट हवाच असेल तर इथला अस्सल वेल्वेट मेस्क्विट मागा. नर्सरीत दक्षिण अमेरिकी संकर त्याच नावाखाली मिळतात, ते भराभर वाढतात आणि वादळात तेच जास्त पडताना मी पाहिलेत. ताडांना साफ नकार द्या. सावली नाही आणि दरवर्षी छाटणीचा खर्च.

आणि पावसाचं पाणी! टूसॉनला वर्षाला जेमतेम ११ इंच पडतो, तुमच्याकडे त्याहून कमी. तो पडतो तेव्हा मात्र रस्ते ओढ्यासारखे वाहतात आणि सगळं गटारात जातं. इथे डनबार-स्प्रिंग मोहल्ल्यात ब्रॅड लँकेस्टर नावाच्या रहिवाशाने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी फुटपाथची कड कापून ते पाणी झाडांच्या आळ्यात वळवलं. सुरुवातीला हे बेकायदा होतं, नंतर शहराने रीतसर परवानगी दिली. त्या गल्लीतून जूनमध्ये चालून बघा: दोन्ही बाजूंनी मेस्क्विट आणि पालो वेर्दे वर एकमेकांना भिडलेत, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेलेली आळी, त्यात पाचोळा, कडेला दगड रचलेले. पाणी आत शिरतं तिथे छोटा खड्डा ठेवलेला असतो, गाळ त्यातच बसतो आणि फावड्याने काढता येतो. लोक मेस्क्विटच्या शेंगा गोळा करून दळून आणतात. आता पाण्याच्या बिलातून जमणाऱ्या छोट्या फीवर शहर स्वतःच अशी कामं करतं.

तुमच्या कंत्राटदाराच्या आराखड्यात खडी बहुधा उंचवट्यावर टाकलेली असेल. ते उलटं करायला लावा: झाड खोलगट भागात आणि वाट उंचावर.

वेगासकर

आमच्या अनुभवातून एकच गोष्ट सांगतो, पण ती लिहून ठेवा. गवतात उभी असलेली जुनी झाडं गवताच्याच पाण्यावर जगत असतात. स्प्रिंकलर बंद केले की पहिल्या उन्हाळ्यातच ती वाळतात. आमच्या वसाहतीत तेच झालं. गवत काढण्याच्या आधी प्रत्येक जुन्या झाडाला, फांद्यांच्या घेराखाली, ठिबकची स्वतंत्र लाइन द्या आणि ती चालते हे पाहून मगच स्प्रिंकलर तोडा.

नेवाडाने २०२१ मध्ये कायदा केलाय. रस्त्याकडेच्या, दुभाजकातल्या, नुसत्या शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. घरांच्या अंगणांना तो लागू नाही. गवत काढलं की चौरस फुटामागे वर्षाला ५५ गॅलन पाणी वाचतं असा इथल्या जल प्राधिकरणाचा हिशोब आहे, म्हणजे २०० लिटरच्या वर. पण गवत काढण्यासाठी मिळणारं अनुदान हवं तर झाडंझुडपं पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा झाकली गेली पाहिजे, ही अट. ती तुमच्या ठरावात तशीच घाला. नुसती खडी टाकून मोकळं होण्याची वाट तिथेच बंद होते.

मारवाडातून

नोकरीमुळे जोधपूरला राहते. इथे मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, सुमारे ७० हेक्टर. २००६ मध्ये काम सुरू झालं तेव्हा सगळी वेडी बाभूळ होती. खडकातून तिची मुळं काढायला खाणकाम करणारे खंडवालिया लोक बोलावले, कारण ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून खडक कुठे भेगाळलाय ते त्यांना कळतं. मग त्या खड्ड्यांत थोर आणि इथलीच खडकावर तगणारी झाडं लावली. प्रदीप क्रिशन यांच्या देखरेखीखाली झालं हे.

मे महिन्यात ते उद्यान करडं दिसतं आणि तरी लोक तिकीट काढून येतात. फलक आहेत, माहिती सांगणारी माणसं आहेत. मेधाताई, तुम्हीही झाडांपाशी नावाच्या पाट्या लावा. नाव कळलं की लोकांना ते झाड आपलं वाटतं.

मेधा_चँडलर

मनापासून आभार! जुन्या झाडांच्या पाण्याचा मुद्दा तर आराखड्यात कुठेच नव्हता, आजच कंत्राटदाराला लिहिलं. दोन शंका. आळ्यात पाणी साचून डास होतील म्हणतात. आणि वसाहतीच्या मध्ये पावसाचं पाणी साठायला केलेलं खोलगट मैदान आहे, तिथलंही गवत काढायचा प्रस्ताव आहे. काय करू?

टूसॉनकर

मैदानाचं गवत राहू द्या. तिथे मुलं पळतात ना? मग ते पाणी सत्कारणी लागतंय. फक्त राय पेरणं थांबवा, हिवाळ्यात बर्म्युडा पिवळं पडलं तर पडू दे. आणि मैदानाच्या पश्चिम कडेला झाडं लावा.

डासांना अंडं ते डास व्हायला काही दिवस साचलेलं पाणी लागतं. आळं एका दिवसात मुरलं पाहिजे. खणल्यावर खड्डा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर खाली कॅलिचे आहे, चुन्याचा सिमेंटसारखा घट्ट थर. तो फोडा, नाहीतर जागा बदला.

छाटणीचं कंत्राट वेगळं करा आणि त्यात लिहून घ्या: टेक्सास सेजसारख्या झुडपांना यंत्र लावायचं नाही. दर महिन्याला कापून त्यांचे लाडू वळतात आणि मग हवेत दमटपणा आला की फुटणारी जांभळी फुलं कधी दिसतच नाहीत. फाउंटन ग्रास कुणी सुचवलं तर नको म्हणा. ते आणि बफेलग्रास, म्हणजे आपलं अंजन गवत, दोन्ही इथल्या डोंगरांवर पसरून वणवे लावतात आणि त्यात साग्वारो (इथले उंच निवडुंग) जळतात. टपालपेट्यांशी एक क्रिओसोट (इथलं वाळवंटी झुडूप) नक्की लावा, पहिल्या सरीला त्याचा वास साऱ्या कोपऱ्यात भरतो.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा, मतदानाची वेळ त्या दृष्टीने अगदी योग्य आहे. रोपं १५ गॅलनच्या कुंडीतली घ्या, मोठ्या पेटीतली झाडं महाग पडतात आणि रुजायला वेळ घेतात. घेताना कुंडीतून काढून मुळं बघा, गोल गोल गुंडाळलेली असतील तर परत करा.