चिऱ्यांच्या कंपाउंडवरचं 18 मीटरचं चित्र: पावसाआधी सलग फोटो कसा घ्यावा?

चुडत
मालवणजवळ रस्त्यालगत चिऱ्यांचं कंपाउंड आहे. गिलाव्यावर ऑइलपेंटने रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांचं चित्र. लांबी 18 मीटर, उंची सहा फूट, तोंड पश्चिमेला. समोर जेमतेम तीन मीटर जागा, मागे गटार. फोनच्या पॅनोरमात होड्या केळ्यासारख्या वाकतात. क्रॉप सेन्सरचा 24 मेगापिक्सेल कॅमेरा, 18-55 लेन्स आणि ट्रायपॉड आहे. रंग खरे यायला हवेत. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घ्यावा का?

पातेरा
एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवला की वाकणारच. कॅमेरा फिरवू नका, तुम्ही सरका. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे रंगवलेले डबे छायाचित्रकार हेन्री शॅलफंट असेच टिपायचे: समोरच्या फलाटावरून सरकत सरकत, एकावर एक चढणारे फोटो, मग प्रिंट जोडायच्या.

भिंतीपासून 3 मीटरवर खडूने समांतर रेघ मारा, दर मीटरला खूण. लेन्स 24 मिमीला ठेवली की साधारण 2.9 मीटर रुंदी आणि 1.95 मीटर उंची बसते. म्हणजे वर-खाली पाच-सहा सेंमीच शिल्लक, त्यामुळे लेन्सचा मध्य जमिनीपासून बरोबर 90 सेंमीवर हवा. उभ्याच्या उंचीवरून खाली झुकवलात तर भिंत तळाशी निमुळती होते. काटकोन तपासायला भिंतीला छोटा सपाट आरसा टेकवा. त्यात लेन्स स्वतःलाच मधोमध दिसली की झालं.

1 ते 17 मीटरच्या खुणांवरून 17 फ्रेम. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर जवळजवळ दोन तृतीयांश चढते, मिलिमीटरला दोन पिक्सेल मिळतात. रॉ, मॅन्युअल, एफ 8, आयएसओ 100. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाका, झूमच्या कड्याला चिकटपट्टी मारा, ते हमखास सरकतं. व्हाइट बॅलन्सही कायम ठेवा. ऑटोवर निळ्या होडीची फ्रेम पिवळट येते आणि जोड उघडे पडतात. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायचं करडं कार्ड) धरा.

उधाण
वरच्या सगळ्याला +1. पोलरायझरवर मात्र पैसे घालू नका. तो चमक कापतो ती तिरक्या कोनातली. सरळ समोरून ऑइलपेंटवर फारसा फरक पडत नाही, वर दीड-दोन स्टॉप उजेड जातो. चमक टाळायची तर वेळ बदला.

पश्चिमेची भिंत सकाळभर स्वतःच्याच सावलीत असते. नऊ ते अकरा ही रंगांची वेळ. सावलीतला निळा झाक ग्रे कार्डवरून निघतो. मालवणात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास. त्यानंतर थोडा वेळ ऊन वरून भिंतीला घासत उतरतं, तेव्हा पापुद्रे आणि फुगे स्पष्ट दिसतात. तेवढ्यासाठी दुसरा संच घ्या. माडाची सावली भिंतीवर पडत असेल तर सतरा फ्रेम होईपर्यंत ती सरकते, एकाच झावळीच्या तीन सावल्या येतात.

मेमध्ये उत्तरेकडच्या भिंती सावलीत असतील असं गृहीत धरू नका. 5 मेच्या सुमारास सूर्य मालवणच्या माथ्यावरून उत्तरेला जातो, मग भर दुपारी त्यांवरही ऊन येतं.

लोणा
तळाचा दीड फूट वेगळा, जवळून टिपा. चिऱ्यांचा जांभा दगड पाणी पितो, क्षार गिलाव्यातून बाहेर येतात आणि ऑइलपेंटला श्वास नसल्याने रंग पापुद्र्याने सुटतो. पांढरा लोणा (क्षारांचा थर) आला असेल तर आधी आहे तसा टिपा, मग कोरड्या मऊ ब्रशने झाडा. रंग खुलावेत म्हणून भिंतीवर पाणी मारायची टूम आहे, ती अजिबात नको: क्षार विरघळून परत आत जातात. पावसाळ्यासाठी कोणी झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधले असतील तर सोडताना सुंभाने रंग खरवडतो, जपून.

चित्रकाराची सही, तारीख आणि मोजपट्टी असलेली एक फ्रेम हवीच. कॅलेंडर वगैरे छापायचं असेल तर चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52(1)(टी) सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याच्या फोटोला सूट देतं, रंगवलेल्या चित्राला नाही. ही गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते.

चुडत
धन्यवाद! एकच अडचण: मध्येच, भिंतीपासून हातभर अंतरावर विजेचा खांब आहे.

पातेरा
खांब प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी दिसेल, ते तुमच्या पथ्यावरच. त्यामागची पट्टी शेजारच्या फ्रेममध्ये उघडी असते. हगिनमध्ये (फोटो जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) खांबावर मास्क लावून तेवढा भाग वगळा, जोडबिंदू (दोन फ्रेम जुळवायच्या समान खुणा) फक्त भिंतीवर ठेवा, रस्त्यावरचे आणि खांबावरचे उडवा. ऑप्टिमायझरमध्ये सरकण्याचे एक्स, वाय, झेड चालू करायला विसरू नका, नाहीतर पुन्हा केळी.